आठ हातांचं पेग: वडिलांच्या रेडिएशनआधी टोचायचं जेल नेमकं काय असतं?

गुहागरची_औषधवाली

नमस्कार मंडळी. गुहागरात माझं औषधांचं दुकान आहे. डी.फार्म केलं त्याला बरीच वर्षं झाली, शिकलेल्यातलं निम्मं काउंटरमागे विरून गेलं. प्रश्न मात्र केमिस्ट्रीचाच आहे.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. सुदैवाने बाहेर पसरलेला नाही. रेडिएशन मुंबईत ठरलंय. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्या मधल्या फटीत एक जेल टोचू. त्याला ते ‘स्पेसर’ म्हणतात. गुदाशय मागे सरकतो आणि किरणांचा मार त्याला कमी बसतो. इथवर समजलं. पण हातात दिलेल्या पत्रकात लिहिलंय की हे जेल ताऱ्याच्या आकाराच्या, आठ हातांच्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं आहे.

पेग, म्हणजे हेच पॉलिएथिलीन ग्लायकॉल, मला परकं नाही. बद्धकोष्ठाची पावडर पेग, कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री नाक दाबून पितात ते पेग, कितीतरी मलमांचा बेस पेग. पण ते सगळं सरळ साखळीचं. हे आठ हात कुठून आले, आणि त्यांनी काय साधतं? नेटवर शोधलं तर असले पॉलिमर, म्हणजे साखळ्यांचे मोठे रेणू, गाठीवर औषध पोचवतात, एमआरआयमध्ये गाठ उजळवतात, असं बरंच काही सापडलं. मग आप्पांच्या जेलमध्ये औषधही असणार का? त्यात चुलतभावाने घरच्या ग्रुपवर कुठल्याशा ‘नॅनो स्टार’ गोळीचा मेसेज टाकलाय. तेव्हापासून आप्पांचं एकच, गोळी घेईन, सुई नको. सुपारी सोलता सोलता मला विचारतात, “प्लास्टिक भरणार काय गो माझ्यात?”

डॉक्टरांचा सल्ला बदलायचा म्हणून विचारत नाहीये. आप्पांना पटेल असं काहीतरी सांगता आलं पाहिजे, एवढंच.

लोटेवाला

ताई, मी डॉक्टर नव्हे. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत रेझिन प्लांटच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता चिपळूणला घरी असतो. पण तुमच्या जेलच्या पोटात जे आहे ते आमच्या ओळखीचं निघालं, म्हणून लिहितोय. लांबेल, वेळ काढून वाचा.

बोटींना ऑइलपेंट मारतात त्याचं रेझिन म्हणजे अल्किड. त्यात पेंटा पडतो. पूर्ण नाव पेंटाएरिथ्रिटॉल, पण प्लांटवर तसं कोणी म्हणत नसे. पांढऱ्या पावडरीची पोती यायची, “पेंटा उतरवा” एवढंच. पेंटाच्या रेणूत मधोमध एक कार्बन आणि चार बाजूंना चार ओएच, म्हणजे पुढची जोडणी होऊ शकते अशी टोकं. ग्लायकॉलला दोन, ग्लिसरीनला तीन, पेंटाला चार. या प्रत्येक ओएचवरून इथिलीन ऑक्साइडची साखळी वाढवत नेली की चार दिशांना चार पेग आणि मध्ये पेंटा. झाला चार हातांचा तारा. दोन पेंटा जोडलेला डायपेंटा, त्याला सहा ओएच. तीन जोडलेला ट्रायपेंटा, त्याला आठ. आठ हात असे येतात. आतून बाहेर हात वाढवायची ही एक रीत झाली. दुसरी उलटी, हात आधी तयार करायचे आणि मग त्यांची टोकं मध्ये बांधायची. हे काही काल-परवाचं नाही. शेफगेन आणि फ्लोरी यांनी १९४८ मध्येच असे अनेक हातांचे पॉलिअमाइड (नायलॉनच्या जातीचे पॉलिमर) बनवून त्यांची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, मोजली होती. हे फ्लोरी म्हणजे ज्यांना पुढे १९७४ चं नोबेल मिळालं ते.

आता व्हिस्कॉसिटीच का मोजली? लांब सरळ साखळ्या एकमेकींत गुंततात, मिरकरवाड्याच्या जेटीवर टाकलेल्या जाळ्यांसारख्या, ओढायला जा, दुसरं सोबत येतं. तेवढ्याच वजनाचा ताऱ्यासारखा रेणू आखूड हातांचा आणि गोळीबंद असतो. त्यामुळे द्रावण पातळ राहतं. तुमच्या आप्पांच्या बाबतीत याचा अर्थ असा की भरपूर पॉलिमर विरघळवूनही ते सुईतून सहज जातं.

दुसरी गोष्ट टोकांची, आणि तीच खरी. आमच्याकडे केटल, म्हणजे रेझिन शिजवायचं मोठं भांडं, जेल होणं म्हणजे नाचक्की. रिॲक्शन जरा पुढे गेली की टोकं टोकांना भिडून जाळं धरतं आणि अख्खी बॅच घट्ट होते. मग केटल थंड करून माणसं आत उतरवायची, छिन्नी-हातोड्याने फोडून काढायची. म्हणून दर थोड्या वेळाने सॅम्पल काढून ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे रिॲक्शन कुठवर आली ते सांगणारा आकडा, बघत बसायचो. तुमच्या डॉक्टरांना नेमकं हेच व्हायला हवं असतं, पण आत टोचल्यावर, आणि काही सेकंदांत. जाळं कधी धरेल याचा हिशोबही फ्लोरींनीच मांडून ठेवलाय. त्या जेलमध्ये पेगच्या जोडीला ट्रायलायसिन असतं, लायसिन या अमिनो आम्लाचे तीन रेणू जोडलेला तुकडा, त्याला जुळणारी चार टोकं. दोन्हीकडची टोकं संख्येने सारखी धरली आणि पेग दोनच टोकांचं, सरळ घेतलं, तर साधारण ५८ टक्के टोकं जुळल्याशिवाय जेल धरणार नाही. आठ हातांचं घेतलं तर २२ टक्क्यांतच धरतं. बाहेर दोन सिरिंजमध्ये पाण्यासारखं पातळ, आत एकत्र आलं की सुमारे १० सेकंदांत घट्ट. आठ हात लावले ते यासाठी.

आणि आप्पांना सांगा, त्या जेलमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. प्लास्टिकची बादली पाण्यात विरघळत नाही, पेग विरघळतं.

(जाता जाता: ट्रॉलरच्या इंजिनात घालतात त्या मल्टिग्रेड ऑइलपैकी काहींतही ताऱ्यासारखे पॉलिमर असतात. गिअरमध्ये चिरडली जाऊन सरळ साखळी मधोमध तुटली तर वजन निम्मं होतं. ताऱ्याचा एखादा हात तुटला तरी बाकीचा शाबूत. पण हे आप्पांना सांगू नका. उगाच इंजिन ऑइल घालतायत असं वाटायचं.)

मालवणी_गजाल

माका येक सांगा. ह्यां जेल आंगात इरगाळता म्हणतास, मगे तां जाता खंय? माश्याच्या पोटात प्लास्टिक गावता तसा ह्येचा होवचा नाय मां?

लोटेवाला

चांगला प्रश्न. पेगची साखळी शरीरात पचत नाही, हे आधी कबूल करू. पण हात आणि ट्रायलायसिन यांच्यामधला सांधा एस्टरचा ठेवलेला असतो. एस्टर पाण्याने हळूहळू तुटतो. आमच्या अल्किडचं तेच दुखणं. कॉस्टिकचं पाणी लागलं की बोटीचा रंग साबणासारखा होऊन सुटतो. इथे ते तुटणं मुद्दाम ठेवलंय. सांधे तुटले की जाळ्याचे पुन्हा सुटे तारे होतात. एका ताऱ्याचं वजन सुमारे १५,००० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक), म्हणजे एकेका हातात इथिलीन ऑक्साइडची चाळीस-बेचाळीस एककं. एवढा रेणू मूत्रपिंडातून गाळून लघवीवाटे जातो. साधारण तीन महिने जागा धरून ठेवायची आणि सहाएक महिन्यांत निघून जायचं, असं ते बेतलेलं आहे.

किरणवाला_रत्नागिरी

मी रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे, मूळचा रत्नागिरीचा. काकांनी आठ हातांचं सांगितलं, मी प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो.

भूल किंवा गुंगी देऊन, गुदद्वारातून अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून, अंडकोशामागच्या त्वचेतून सुई घालतात. आधी सलाइन टोचून फट उघडतात, सुई बरोबर जागी आहे याची खात्री करतात आणि मग जेल. प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यात एरवी दोनेक मिलिमीटरचंही अंतर नसतं, ते एक सेंटिमीटरच्या वर जातं. स्पेसओएआर नावाच्या जेलला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या मुख्य चाचणीत २२२ पुरुष होते. ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किंवा जास्त मात्रा मिळणारा गुदाशयाचा भाग जेलमुळे सरासरी १२.४ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आला. शौचातून रक्त, सततची कळ, हे त्रास याच भागातून उद्भवतात.

आता ताईंच्या इमेजिंगच्या प्रश्नाचं उत्तर याच जेलमध्ये आहे. जेल म्हणजे बहुतेक पाणी, त्यामुळे एमआरआयच्या टी-टू नावाच्या प्रकारच्या चित्रात ते पांढरं लख्ख दिसतं. सीटीवर मात्र आजूबाजूच्या मांसात मिसळून जातं, कडा शोधता शोधता डोळे जातात. आणि आमचं प्लॅनिंग सीटीवर. म्हणून पूर्वी जेलनंतर एमआरआय काढून दोन चित्रं एकमेकांवर बसवावी लागत. नंतर त्याच जेलचा दुसरा प्रकार आला, त्यात पेगलाच आयोडीन रासायनिक बंधाने जोडलंय. नुसतं मिसळलं असतं तर काही तासांत धुऊन गेलं असतं. बंधाने जोडलेलं असल्याने जेल असेपर्यंत सीटीवर उजळ दिसतं. टोकं जास्त असली की अशी मुभा मिळते.

उगाच गुलाबी चित्र नको म्हणून हेही सांगतो. क्वचित जेल गुदाशयाच्या भिंतीत शिरतं, व्रण पडतो, फार क्वचित भगंदरापर्यंत गोष्ट जाते. म्हणून हे ज्याच्या हाताला सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावं. आणि कॅन्सर गुदाशयाच्या बाजूने प्रोस्टेटच्या बाहेर आलेला असेल तर बहुतेक डॉक्टर जेल टाळतात.

गुहागरची_औषधवाली

काका, दादा, खूप आभार. पेंटाची गोष्ट आप्पांना सांगितली. बोटीचा रंग म्हटल्यावर आधी कपाळाला आठ्या, मग पाच मिनिटांनी “म्हणजे हर्णैच्या होड्यांना लावतात तोच काय?” अशी चौकशी. प्लास्टिकचा विषय बंद झाला.

गोळीचा नाही झाला. औषधांच्या धंद्यातली असल्याने मला एवढं ठाऊक आहे की कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. चुलतभावाला ते लिहिलं, त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण नेटवरच्या शोधनिबंधांत खरोखर काय आहे? ताऱ्यासारखा पॉलिमर औषध घेऊन गाठीवर जातो हे खोटं का?

वेंगुर्ल्याची_लॅबवाली

खोटं नाही, अर्धवट आहे. मी पॉलिमरमध्येच पीएचडी करतेय, गाव वेंगुर्लं. आमच्या लॅबचं निम्मं आयुष्य या प्रश्नावर चाललंय, त्यामुळे जरा कडवट वाटलं तर समजून घ्या.

कल्पना अशी. रक्तात सोडलेला छोटा रेणू मूत्रपिंडातून झटकन निघून जातो. पाच-सहा नॅनोमीटरहून मोठं काही असेल तर मूत्रपिंडाच्या चाळणीतून जात नाही, रक्तात फिरत राहतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या फटींच्या, गळक्या असतात, तिथे हे मोठे रेणू पाझरून साचतात. मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे दाखवलं. मग ताऱ्याच्या हातांना औषध टांगा, हात मोठे ठेवा, की गाठीत औषध जास्त जाईल. इथे गंमत बघा, लोटेवाले काका ज्या जेलबद्दल सांगतायत त्यात रेणू बाहेर जावा म्हणून लहान ठेवलाय, आमच्याकडे तो आत राहावा म्हणून मोठा करतात.

उंदरांत छान चालतं. माणसांत? चार हातांच्या पेगला इरिनोटेकान हे केमोचं औषध टांगून एटिरिनोटेकान पेगॉल बनवलं होतं. शिरेतून द्यायचं, गोळी नव्हे. स्तनाच्या कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या ८५२ बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. आयुष्याचा मधला आकडा १२.४ महिने, नेहमीच्या औषधांवर १०.३. दोन महिन्यांचा फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही. २०१६ मध्ये एका गटाने आधीच्या दहा वर्षांतले नॅनोकणांचे प्रयोग, मुख्यतः उंदरांवरचे, एकत्र करून पाहिले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारा वाटा, मधला आकडा, ०.७ टक्के. उरलेलं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळतात. त्यामुळे ‘नॅनो स्टार’ गोळीवाल्याला विचारा, कशाचा तारा, किती हात, कुठली चाचणी. गोळी पोटातून रक्तात तरी कशी जाते ते आधी सांग म्हणावं.

इमेजिंगची बाजू मला जास्त आवडते. एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात, पहिलं १९८८ मध्ये बाजारात आलं. गॅडोलिनियम शेजारच्या पाण्याच्या प्रोटॉनना लवकर शांत करतं, म्हणून ती जागा उजळते. ते धरून ठेवणारा रेणू लहान असतो, गरागरा फिरतो आणि त्यात त्याचा बराच प्रभाव वाया जातो. तोच जाडजूड ताऱ्याला बांधला की फिरणं मंदावतं आणि प्रत्येक गॅडोलिनियमचं काम वाढतं. शिवाय एका ताऱ्यावर डझनभर बसतात आणि रक्तवाहिनीतून पटकन बाहेरही पडत नाहीत. कागदावर सगळं झकास. अडचण अशी की गॅडोलिनियम सुटं झालं तर विषारी, आणि जास्त वेळ शरीरात राहिलं तर सुटं व्हायला संधी जास्त. २००६ मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा कडक होऊन जखडण्याच्या आजाराचा गॅडोलिनियमशी संबंध लागला, तेव्हापासून ‘शरीरात जास्त वेळ राहणारं गॅडोलिनियम’ म्हटलं की कुणीही दोन पावलं मागे जातं. म्हणून काही गट फ्लोरीनकडे वळले. शरीरात हाडं-दात सोडले तर फ्लोरीन जवळजवळ नाही, त्यामुळे फ्लोरीनच्या एमआरआयमध्ये दिसेल तेवढं सगळं तुमच्या पॉलिमरचंच. पण त्यासाठी एका रेणूवर भरपूर फ्लोरीन लागतं, आणि ते पाण्यात विरघळतं ठेवणं म्हणजे डोकेदुखी. त्या डोकेदुखीवर माझी फेलोशिप चालू आहे.

गुहागरची_औषधवाली

मग जेलच्या आठ हातांपैकी दोन-तीन हातांना औषध का नाही लावत? जागेवरच आहे की ते, गाठीला चिकटून. रक्तातून धाडायची कटकटच नको.

वेंगुर्ल्याची_लॅबवाली

ताई, तुम्ही दुकान सोडून लॅबमध्ये या.

आप्पांच्या जेलपुरतं म्हणाल तर ते गाठीला जेवढं चिकटलंय तेवढंच निरोगी गुदाशयालाही. औषध दोन्हीकडे झिरपेल, आणि जो वाचवायचा तोच भाजेल. पण कल्पना म्हणून तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आलात, आणि ती बाजारात आहेसुद्धा, फक्त डोळ्यात. डेक्सटेन्झा नावाची एक बारीक काडी असते, एफडीएने २०१८ मध्ये मान्य केलेली. डोळ्याच्या ऑपरेशननंतर अश्रू वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडात बसवतात. ती काडी चार हातांच्या पेगची, जोडणीला तेच ट्रायलायसिन. जाळ्यात ०.४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अडकवलेलं, ते तीस दिवसांपर्यंत थोडं थोडं सुटतं. थेंब घालायची आठवण ठेवायला नको. आणि पॉलिमरला फ्लोरेसिन हा चमकणारा रंग बांधलेला आहे, निळा दिवा धरला की काडी जागेवर आहे का ते डॉक्टरला चमकून दिसतं. औषध पोचवणं आणि दिसणं, दोन्ही एकाच ताऱ्याच्या जाळ्यात.

माझं मत विचाराल तर या पॉलिमरनी आजवर जे खरं कमावलंय ते असंच, जागेवर घट्ट होऊन. मेंदूच्या ऑपरेशननंतर आवरणाची शिवण सील करायला चार हातांच्या पेगचं निळं जेल वापरतात, त्याला तर २००५ मध्येच मान्यता मिळाली. रक्तात सोडून नेमकी गाठ शोधायला लावलेले तारे मात्र अजून चाचण्यांतच अडकतायत. आमच्या गाइडसमोर हे बोलत नाही.

लोटेवाला

म्हणजे केटल जेल करणाऱ्यांचीच सरशी. आमच्या मॅनेजरला कळवायला हवं.

किरणवाला_रत्नागिरी

ताई, निघण्याआधी एवढं बघा. आधीच्या एमआरआयची सीडी घ्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट घ्या, कारण जेल शेवटी मूत्रपिंडातूनच जायचंय. आप्पांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती सुईच्या आधी कधी थांबवायची ते विचारा, मनाने बंद करू नका. कुठल्याही पेगच्या औषधाने किंवा आयोडीनच्या इंजेक्शनने पूर्वी अंगावर पित्त उठलं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. आणि आयोडीनवालं जेल घालतायत की साधं, ते लिहून घ्या; प्लॅनिंगच्या दिवशी सीटीवर जो बसेल त्याला पहिलं तेच सांगायचं.